‘गावातच राहाचं हाय न, बाई?’

हे वाक्य एका पालकाने माझ्या आईला शाळेच्या व्हरांड्यात ऐकवलं, तेव्हा मी अकरावीत होते. आवाज चढलेला नव्हता, शिवी नव्हती. त्यामुळे नंतर स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, "धमकी कुठे दिली त्यांनी? विचारलं फक्त."

आई सौंसरच्या एका खासगी शाळेत शिकवायची. आठवीतल्या एका मुलाचा मोबाईल तिने वर्गात काढून घेतला आणि ऑफिसात जमा केला. नियमच होता तसा. दुसऱ्या दिवशी वडील आले. "माह्या पोराले सगळ्याइसमोर चोर ठरवलं तुमी," म्हणाले, आणि निघता निघता ते वाक्य. त्यांना आमचं घर माहीत होतं, मी ट्यूशनला कोणत्या रस्त्याने जाते तेही. सौंसरमध्ये हे कुणालाही माहीत असतं. त्यातून आमची ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. रविवारी सकाळी आम्ही कुठे असतो हे शोधावं लागत नाही. आणि ख्रिस्ती बाईविरुद्ध कसली तक्रार किती पटकन उभी राहू शकते, हे आई न बोलता जाणून होती.

व्यवस्थापनाने आईलाच बोलावलं. सॉरी म्हणा, विषय संपवा, ॲडमिशनचे दिवस आहेत. ती सॉरी म्हणाली. मला त्या सॉरीचा राग अजून आहे, आणि हा लेख त्या रागातूनच आलाय हे आधी कबूल करते.

पण रागावून लिहायला बसले आणि त्या वडिलांचीच बाजू आठवायला लागली. संत्र्याचा बगीचा असलेला माणूस. मुलाला वर्गात चिडवतात म्हणून ते आधी तीनदा शाळेत येऊन गेले होते, हे आईला खूप उशिरा कळलं. तिन्ही वेळा ऑफिसातून ‘बाद में आइए’. घरी जायच्या त्या चिठ्ठ्या इंग्रजीत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर-विदर्भ तिकडे गेला आणि आमचा भाग मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून आमच्याकडे घरात मराठी, कचेरीत हिंदी. आता फीच्या पावतीवर इंग्रजी. ज्याला शाळेशी बोलायला स्वतःची भाषाच मिळत नाही, तो शेवटी मराठीत बोलतो ते असं बोलतो. मी त्या वाक्याचं समर्थन करत नाही. पण राग आणि धमकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राग ऐकून घ्यायचा असतो आणि धमकी लिहून ठेवायची असते. त्या शाळेने वर्षभर राग ऐकला नाही आणि धमकी एका दुपारीत मिटवून टाकली.

लिहून ठेवायची म्हणजे कशी, यावर साहित्याची विद्यार्थिनी म्हणून थोडं थांबते. आईने आग्रह केला म्हणून ऑफिसात एक नोंद झाली होती, हिंदीत. त्यात ते वाक्य असं होतं : ‘आप गाँव में ही रहती हैं न?’ वाचून बघा. चहा घेता घेता कुणीही विचारेल असा प्रश्न! ‘राहाचं हाय न’ यातलं ‘राहाचं’ म्हणजे यापुढे राहायचं. सगळी भीती त्या एका शब्दात आहे, आणि अनुवादात नेमकी तीच गळली. म्हणून माझं म्हणणं आहे की धमकी ज्या बोलीत आली त्याच बोलीत, शब्दाला शब्द, त्याच दिवशी, तारीख-वेळ आणि कोण कोण हजर होतं ते घालून लिहावी. अर्थ हवा तर खाली वेगळा द्यावा.

कायद्यालाही आवाजाची पट्टी लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये कोणत्याही मार्गाने, घाबरवण्याच्या हेतूने दिलेली इजेची धमकी येते. जुन्या दंड संहितेतही हे होतंच. सरकारी शिक्षक लोकसेवक असल्यामुळे त्याच्यासाठी वेगळी कलमं आहेत. आईसारख्या खासगी शाळेतल्या बाईला ती लागू नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम १७ मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला मनाई करतं, आणि ते तसंच राहावं. ‘गुरुजी, हाणा पण शिकवा’ म्हणणाऱ्या पालकांचा जमाना परत यावा असं मला मुळीच वाटत नाही. पण त्याच कायद्याचं कलम २४ शिक्षकाला पालकांशी नियमित बैठका घ्यायला सांगतं, आणि शिक्षकाच्या तक्रारीचं निवारण व्हावं असंही म्हणतं. हे दुसरं वाक्य आईला कुणी कधी सांगितलं नाही. कलम २१ मधली शाळा व्यवस्थापन समिती, जिचे तीन-चतुर्थांश सभासद पालक-पालनकर्ते असतात, तिची सक्ती विनाअनुदानित खासगी शाळांना नाही. म्हणजे त्या वडिलांना बसून बोलायला जागा नव्हती, आणि आईलाही नव्हती. शिक्षणाचं जिल्हा कार्यालय तेव्हा छिंदवाड्याला. पांढुर्णा जिल्हा २०२३ साली झाला, सौंसर त्यात आलं. आता कार्यालय जवळ आलंय खरं, पण शाळेने कागदच पाठवला नाही तर जवळ येऊन काय उपयोग?

कॉलेजात हे सांगितलं की कुणीतरी गोटमारीवर येतंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावरून पांढुर्णा आणि दुसऱ्यावरून सावरगाव दगड फेकतं, दरवर्षी शेकडो जखमी होतात. मग तुमच्याकडे धमकीचं काय एवढं? हसते मी पण. पण गोटमारीत निदान दोन्ही काठांवर माणसं असतात. त्या व्हरांड्यात आई एकटी होती. दोन वर्गांच्या दारात दोन शिक्षक उभे होते, ते आत गेले.

दुसरं उदाहरण हमखास येतं ते सावित्रीबाईंचं. १८४८ साली पुण्यात शाळा सुरू झाली, लोकांनी शेण-चिखल फेकला, त्या जास्तीचं लुगडं सोबत ठेवत. दर ५ सप्टेंबरला भाषणात हे ऐकते आणि आता खटकतं. आपण त्यांची गोष्ट सांगतो ती बाईंनी सहन करावं म्हणून. शेण फेकणाऱ्याचं काय करायचं, यावर भाषणात एक वाक्य नसतं. बाईंना फक्त दुसरं लुगडं ठेवायला सांगतो.

पालक तणतणत आला तर शिक्षकाने एकट्याने भेटू नये, व्हरांड्यात तर नाहीच. त्याला खुर्ची द्यावी, पाणी द्यावं, सोबत दुसरा शिक्षक असावा, आणि बोलणं मराठीत व्हावं. ऐकताना मध्ये तोडू नये. धमकी आली की मात्र बोलणं तिथेच थांबवावं आणि पुढचं मुख्याध्यापकांच्या सहीने, लेखी व्हावं. ही कामं शाळेची आहेत. बाईंच्या स्वभावावर सोडायची नाहीत.

या सगळ्यात त्या मुलाला कुणी काही विचारलं नाही. आई सांगते, सॉरी झाल्यावर तो मागच्या बाकावर जाऊन बसायला लागला आणि वर्षभर तिच्याकडे बघितलं नाही. तिनेही त्याला फळ्यावर बोलावलं नाही, इतरांना बोलवायची तसं. ‘भीती वाटायची का?’ मी विचारलं. ती म्हणाली, "त्याची नाही गं." पुढे काही बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही.