मेलेल्यांचा बाजार आणि आपण गिऱ्हाईक

आदिलाबाद, जैनद, बेला, तामसी भागातील मराठी बंधू-भगिनींनो,

14 जून 2020. मृग लागलेला, सरकी टोबायची घाई. त्या दिवशी मुंबईत अभिनेता सुशांतसिंह राजपूत गेला आणि पानटपरीपासून बांधापर्यंत जो तो तपास अधिकारी झाला. त्याची मैत्रीण रिया चक्रवर्तीला तर आपण कोर्टाआधीच फासावर चढवून मोकळे! जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या या खटलेबाजीवर ताशेरे ओढले. मार्च 2025 मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. तेव्हा टपरीवर कोणी चकार शब्द काढला?

हे दुःख नव्हते. 2018 साली अभिनेत्री श्रीदेवी दुबईत वारली, तेव्हा एका तेलुगू वाहिनीचा वार्ताहर बाथटबमध्ये आडवा होऊन बातमी देत होता. तेही दुःख नव्हते, आणि आपण ते बघितले.

आता आपल्या मातीतले. 24 नोव्हेंबर 2019 ला जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या लिंगापूर मंडलात, गावोगाव फिरून किरकोळ वस्तू विकणाऱ्या एका दलित बाईवर सामूहिक बलात्कार करून तिचा खून झाला. तीनच दिवसांनी हैदराबादजवळ एका पशुवैद्य तरुणीचे तसेच झाले. देशभर मेणबत्त्या पेटल्या त्या दुसरीसाठी. त्यातही माया कसली? कायदा मोडून तिचे खरे नाव, फोटो फिरवले. 6 डिसेंबरला चारही आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, तेव्हा फुले उधळली. ठार मारण्याच्या हेतूनेच त्या गोळ्या झाडल्या होत्या, असे न्या. सिरपूरकर आयोगाने 2022 मध्ये सांगितले. फुले उधळणारे तोवर दुसऱ्या बातमीवर गेले होते.

आणि आपली लिंगापूरची? लोक रस्त्यावर उतरून ओरडले तेव्हा कुठे तिच्याकडे नजर वळली. ‘समता’ हे नाव मिळाले. आदिलाबादच्या विशेष न्यायालयात साक्षीपुरावे होऊन 30 जानेवारी 2020 ला तिघांना फाशीची शिक्षा झाली. निकाल आपल्या गावात लागला; पाठ मात्र आपल्याला वाहिन्यांवरचे रियाचे चॅट.

वाहिन्या दाखवतात म्हणून बघतो, हे सांगू नका. टीआरपीचे मीटर आपल्याच डोळ्यांवर चालते.

यापुढे मृतदेहाचा फोटो ग्रुपवर आला तर तो पुढे पाठवू नका, टाकणाऱ्याला नाव घेऊन हटका. आणि इथल्या मराठी-तेलुगू वार्ताहरांना भर बाजारात गाठून विचारा: कर्जापायी फास घेतलेल्या कापूसवाल्याची बातमी चार ओळींची का? आपल्या जिल्ह्याच्या कोर्टात आज कोणाकोणाचे खटले पडून आहेत?