अंकविनोद : एका संख्येचीं दोन कुळें

गणिताचें नांव काढतांच मुलांच्या कपाळास आठी पडते, ही तक्रार घरोघर ऐकूं येते. अशा मुलांपुढें आज एवढेंच ठेवावें : १ हा अंक ओळीनें नऊ वेळां लिहा आणि त्या संख्येचा वर्ग करा. उत्तर येतें १२३४५६७८९८७६५४३२१. नवापर्यंत पायऱ्या चढून तशाच उतरणारी ही सतरा अंकी संख्या!

हिच्या कुळास ‘डेम्लो संख्या’ हें नांव देवळालीच्या शाळेंतील शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनीं दिलें. जी. आय. पी. रेल्वेच्या ज्या स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली, त्याचेंच हें नांव. तें स्थानक म्हणजे आजचें डोंबिवली.

दुसरें कूळही त्यांचेंच. जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेनें नि:शेष भाग जातो, ती ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी. आपल्या संख्येंतील अंकांची बेरीज ८१ होते. मूळ संख्येस ९ नें भाग जातो; मग तिच्या वर्गास ८१ नें भाग जाणारच. एवढी अवाढव्य संख्या, पण भागाकार न मांडतांच कुळी कळली!

पदव्युत्तर शिक्षण न झालेल्या या शिक्षकाचें संशोधन कित्येक विद्वानांनीं क्षुल्लक मानलें. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरांत त्याचा परिचय करून दिला, तेव्हां कापरेकरांचें वय सत्तर वर्षांचें होतें. घरांतील मूल आंकड्यांशीं खेळत बसलें, तर त्यास रिकामा उद्योग म्हणण्यापूर्वीं हें आठवावें.

मुलांसाठीं प्रश्न : कापरेकरांची प्रसिद्ध संख्या ६१७४ हर्षद आहे काय? उत्तर पुढील अंकीं.