पाहुण्यांची खोली वर्षभर बंद कशाला?



इथे यूकेत घर घेतलं की आपण एक गोष्ट हमखास करतो. तीन बेडरूमपैकी सर्वांत लहान, म्हणजे बॉक्स रूम, 'पाहुण्यांसाठी' ठेवून देतो. मॅग्नोलिया रंगाच्या भिंती, एक पलंग, त्याखाली रिकाम्या बॅगा आणि दार बंद. मग शिलाई मशीन, मुलांचे रंग, गणपतीच्या मखराचा पुठ्ठा असं सगळं डायनिंग टेबलावर, आणि जेवायच्या वेळी आरडाओरडा!

माझं मत स्पष्ट आहे. ही खोली हस्तकलेला द्यावी, मस्त रंगवावी आणि पाहुण्यांनाही तिथेच झोपवावं.

आधी हिशोब. पाहुणे वर्षात ६० दिवस आले, तरी खोली वापरात जेमतेम १६ टक्के. एखादा सर्व्हर इतका रिकामा असता तर आपण तो केव्हाच दुसऱ्या कामाला लावला असता. जागाही काही फार नसते. इंग्लंडच्या २०१५ च्या मानकानुसार एका माणसाच्या बेडरूमला किमान ७.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ८० चौरस फूट हवेत. जुन्या सेमी-डिटॅच्ड घरांत बॉक्स रूम बऱ्याचदा त्याहून लहान. ९० बाय १९० सेंटीमीटरचा पलंगच त्यातली पाव जागा खातो.

पण खरा मुद्दा जागेचा नाही, आई-बाबांचा आहे. व्हिजिटर व्हिसावर सहसा एका वेळी ६ महिन्यांपर्यंत राहता येतं. आपण ऑफिसात, मुलं शाळेत, बाहेर पाऊस, आणि डिसेंबरात चार वाजता अंधार. "सगळं आहे रे तुझ्याकडे, पण हाताला काम नाही," हे आईचं वाक्य आपल्यापैकी कितीजणांनी ऐकलं असेल! माझ्या आईला टेबल, उजेड आणि जुन्या साड्या मिळाल्या तेव्हा तिने गोधडी घातली. शेजारी बसून माझी मुलगी धावदोरा शिकली, आणि 'उसवणे', 'टाचणे', 'अस्तर' हे शब्दही. वीकेंडच्या मराठी वर्गात हे शब्द कुठून येणार?

एका खोलीचं एकच काम, ही मुळात आपली पद्धतच नव्हे. माजघरात दिवसा निवडणं-टिपणं व्हायचं आणि रात्री तिथेच अंथरुणं पडायची. बरं, साहेबाचंच उदाहरण हवं तर ससेक्समधलं चार्ल्स्टन बघून या. व्हनेसा बेल आणि डंकन ग्रँट १९१६ साली तिथे राहायला गेले आणि त्यांनी भिंती, दारं, टेबलं, पलंग सगळं रंगवून काढलं. लंडनहून पाहुण्यांची सतत ये-जा. आणि घर भाड्याचं होतं बरं का!

आता कामाचं:

१. उत्तरेकडच्या खोलीत उजेड थंड, निळसर येतो. तिथे हळदी, गेरू, आमसुली असे ऊबदार रंग घ्या. चारही भिंती नकोत, एक पुरे. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला आधी विचारा. नाहीच म्हणाला तर खणाचे पडदे आणि गोधडी आहेच.

२. पलंगाऐवजी ओढून दुप्पट होणारा डे-बेड. टेबल भिंतीला मिटणारं.

३. दिवे दोन प्रकारचे. शिवायला पांढरा लख्ख, झोपायला पिवळा मंद.

४. कार्पेटवर सतरंजी किंवा व्हिनाईल हवंच. टाचणी कार्पेटमध्ये हरवते आणि पाहुण्याच्या पायालाच सापडते. :-) लोहचुंबक जवळ ठेवा.

५. कपाटातला एक कप्पा पूर्ण रिकामा. तो पाहुण्यांचा, तिथे आपली लोकर कोंबायची नाही.

आक्षेप मला ठाऊक आहेत. "घर विकताना एजंट नाक मुरडेल." मुरडू दे. विकायच्या आधी एका वीकेंडला पांढरा हात मारता येतो. त्या एका दिवसासाठी दहा वर्षं फिक्या भिंतीत का काढायची? "पाहुण्यांना प्रायव्हसी नको का?" हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणून पाहुणे असताना रात्री ९ नंतर मशीन बंद, हा नियम घरात पाळावाच लागतो.

पुढच्या वेळी आई-बाबांचं तिकीट काढाल, तेव्हा खोलीचाही विचार करा. हॉटेलसारखी नीटनेटकी खोली त्यांना कोणीही देईल. आपल्या घरात त्यांचं काही काम आहे, असं वाटायला लावणारी खोली आपणच देऊ शकतो.

तुमचं काय म्हणणं?