भूषविलेली पदे

विधी महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थी मेळाव्यांशी आम्हा साहित्याच्या अध्यापकांचा संबंध येतो तो बहुधा एकाच कारणाने. मेळावा म्हटला की स्मरणिका आली, स्मरणिका म्हटली की मुद्रितशोधन आले, आणि ऱ्हस्वदीर्घाची जबाबदारी गावातल्या मराठी विभागावर सोपविण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. काही वर्षांपूर्वी असेच एका महाविद्यालयाचे काम आमच्यापैकी तिघांकडे आले. महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशा स्मरणिका थोड्याफार फरकाने सगळीकडे सारख्याच निघतात, आणि पुढे जी तक्रार करणार आहोत तिच्यात आमचाही वाटा आहे.

माजी विद्यार्थ्यांनी भरून पाठविलेले दीडेकशे तक्ते आमच्यापुढे होते. रकाने चार: नाव, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, व्यवसाय, भूषविलेली पदे. शेवटचा रकाना सर्वांत रुंद. काहींना तोही अपुरा पडला होता, म्हणून त्यांनी जादा कागद जोडले होते. एका तक्त्यात मात्र त्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. व्यवसायापुढे लिहिले होते, ‘तालुका न्यायालयात वकिली, एकतीस वर्षे’. कागदाच्या पाठीमागे सुवाच्य अक्षरात बराच मजकूर होता. टाकलेल्या बायकांचे पोटगीचे अर्ज बिनफीचे कसे लिहिले, अर्ज वाचून दाखविल्यावर ‘हे माझंच बोलणं आहे’ असे अर्जदार बाई म्हणेपर्यंत तो पुन्हा कसा लिहिला, कोणते अर्ज फेटाळले गेले आणि त्या बायकांचे पुढे काय झाले, असे सारे. पाठीमागचा मजकूर छापायचा नाही, असे संपादक मंडळाने ठरविले. जागेचा प्रश्न होता. आम्हीही मान डोलावली.

त्या डोलावलेल्या मानेचा विचार आम्ही पुढे बराच केला.

कर्तृत्व म्हणजे पद, हे समीकरण विधी महाविद्यालयांच्या स्मृतीत इतके रुळले आहे की ते तपासावे असेही कोणाला वाटत नाही. म्हणून एक खेळ करून पाहू. तो चार रकान्यांचा तक्ता जुन्या थोर विद्यार्थ्यांपुढे ठेवू. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ सालचे; त्याच्या नामावळीत टिळकांचे नाव अग्रभागी असते. टिळक १८७९ साली एलएल. बी. झाले. पुढे? भूषविलेली पदे: मुंबई कायदेमंडळाचे सभासद, १८९५. तक्त्याच्या दृष्टीने बाकी सगळा मजकूर पाठीमागचा. १८९७ आणि १९०८ या दोन राजद्रोहाच्या खटल्यांत ते आरोपी होते, दोन्हींत शिक्षा झाली, आणि दुसऱ्या वेळी स्वतःची बाजू त्यांनी स्वतःच दिवसचे दिवस उभे राहून मांडली. त्या वेळी न्यायासनावर जे दावर होते, ते १८९७ च्या खटल्यात टिळकांच्याच बाजूचे वकील होते. पद कोणी भूषविले हे उघड आहे. पण शिक्षा ऐकल्यावर आरोपीने काढलेल्या उद्गारांची शिला त्याच उच्च न्यायालयात १९५६ साली बसविण्यात आली, आणि तिचे अनावरण मुख्य न्यायाधीश छगला यांनी केले. न्यायालयाला जे सुचले ते आमच्या स्मरणिकांना अद्याप सुचलेले नाही.

दुसरे नाव डॉ. आंबेडकरांचे. ते या महाविद्यालयाचे विद्यार्थी नव्हेत, अध्यापक. १९३५ साली ते तेथे प्राचार्य झाले. ‘प्राचार्य’ हा शब्द रकान्यात नेमका बसतो. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३४ साली, र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावरील अश्लीलतेच्या खटल्यात ते कर्व्यांच्या वतीने उभे राहिले आणि हरले. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला या दोन वर्षांतले कोणते महत्त्वाचे वाटेल? लैंगिक विषयावर शास्त्रीय बुद्धीने मराठीत लिहिता येते की नाही, हा प्रश्न त्या हरलेल्या खटल्यात होता. आमच्या वर्गांत श्लीलाश्लीलाच्या चर्चेला दरवर्षी तास जातात. त्या चर्चेत कर्वे येतात, त्यांचे वकील क्वचितच येतात. हरलेल्या खटल्याला रकाना नाही, हे खरे. पण आम्ही तरी त्याला कुठे जागा दिली आहे?

उत्तीर्ण झाल्याच्या वर्षाचा रकाना तरी निरुपद्रवी असेल, असे वाटते. तोही नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ साली त्यांनी तेथील कायद्याची परीक्षा दिली. विद्यापीठ त्या वेळी स्त्रियांना पदवी देत नसे. पदवी हाती आली ती १९२२ साली, म्हणजे तीस वर्षांनी. भारतात स्त्रियांना वकिलीची दारे कायद्याने उघडली ती त्याच्याही पुढच्या वर्षी. अशा बाईंनी ‘वर्ष’ या शब्दापुढे काय लिहावे? आणि कोणत्या वर्षाच्या तुकडीच्या मेळाव्यात जाऊन बसावे? आज कोणत्याही विधी महाविद्यालयाच्या भिंतीवर त्यांचे चित्र ‘पहिल्या महिला वकील’ या मथळ्याखाली दिसू शकते. त्या मथळ्यात पहिलेपण आहे, तीस वर्षे नाहीत.

पदांच्या यादीचा आणखी एक दोष आहे, आणि तो आम्हाला अधिक गंभीर वाटतो. पुण्याचे आय.एल.एस. विधी महाविद्यालय १९२४ साली सुरू झाले. गजेंद्रगडकर आणि यशवंतराव चंद्रचूड हे देशाचे दोन सरन्यायाधीश तेथे शिकले, यशवंतराव चव्हाणही तेथलेच. चंद्रचूड सात वर्षांहून अधिक काळ सरन्यायाधीश होते. इतका काळ ते पद दुसऱ्या कोणी भूषविलेले नाही. या अभिमानात गैर काहीच नाही. परंतु आणीबाणीत, १९७६ साली, अटकेतल्या माणसाला न्यायालयाकडे दाद मागण्याचा अधिकार उरत नाही असे म्हणणाऱ्या चौघा न्यायमूर्तींत ते होते. विरोधी मत नोंदविणारे खन्ना एकटे होते. २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो निर्णय चुकीचा ठरविला, आणि तसे ठरविणारे मुख्य निकालपत्र चंद्रचुडांच्या चिरंजिवांनी लिहिले. कादंबरीकाराने हे कल्पिले असते तर आम्ही त्याला योगायोगाचा दोष दिला असता! मोठे पद म्हणजे मोठ्या निर्णयाची संधी, आणि निर्णय चुकतोही. ज्या महाविद्यालयाला आपल्या विद्यार्थ्याचा खरा अभिमान आहे त्याने मेळाव्यात त्या निकालावर तासभर चर्चा ठेवावी, विद्यार्थ्यांना तो वाचायला लावावा. त्याने त्या माणसाचे मोठेपण घटत नाही. नुसत्या पदाच्या उल्लेखाने मात्र तो पुतळा होतो, आणि पुतळ्याशी वाद घालता येत नाही.

मेळावे भरवूच नयेत असे आमचे म्हणणे आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. ज्यांच्या घरात कोणी वकील नाही, ज्यांना बसायला कोणाचे चेंबर नाही, अशा मुलामुलींना एखाद्या मेळाव्यात ज्येष्ठ वकिलाची गाठ पडते आणि आयुष्याची वाट सापडते, हे आम्ही पाहिले आहे. शिष्यवृत्त्या याच मेळाव्यांतून उभ्या राहतात. वसतिगृहाच्या गळक्या छपराचा विषयही तेथेच निघतो. जेवणावळीची टवाळी करणे सोपे असते, आणि साहित्यिकांनी तर ती मुळीच करू नये. आपल्या संमेलनांतील भोजनाच्या रांगा आपण विसरलो नसू तर.

संमेलनांचे नाव निघालेच आहे, तर एक नाते लक्षात आणून द्यावेसे वाटते. मराठी ग्रंथकारांना एकत्र बोलाविण्याची कल्पनाच न्यायखात्यातल्या माणसांची. १८७८ साली पुण्यात पहिली ग्रंथकार सभा भरली ती लोकहितवादी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने. लोकहितवादींचे आयुष्य न्यायाधीशीत गेलेले. रानडे १८६६ चे एलएल. बी. पुढेही हे नाते सुटले नाही. वकिलीची पदवी घेतलेले न. चिं. केळकर १९२१ साली बडोद्याच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. वऱ्हाडात वकिली करीत विनोदी लेखन करणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १९२७ च्या पुण्याच्या संमेलनाचे अध्यक्ष होते. अगदी अलीकडे, २०२३ साली वर्ध्याच्या संमेलनाचे अध्यक्षपद माजी न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर यांच्याकडे आले. यांपैकी कोल्हटकरांचा तक्ता कसा दिसला असता, याचे आम्हाला मोठे कुतूहल आहे. व्यवसाय: वकिली, जळगाव-जामोद. ‘सुदाम्याचे पोहे’ कोणत्या रकान्यात?

पण त्या सभांच्या इतिहासातला सर्वांत टिकाऊ लेख लिहिला तो सभेला न आलेल्या माणसाने. १८८५ च्या दुसऱ्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण रानड्यांनी जोतीराव फुल्यांना धाडले आणि फुल्यांनी पत्र लिहून ते नाकारले. जे सर्वांचे मानवी हक्क मनापासून मान्य करीत नाहीत आणि आपल्या वागण्यात आणीत नाहीत, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. सभेत कोणी काय वाचले हे अभ्यासकांना शोधावे लागते. ते पत्र मात्र आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. आलेल्यांची गणती सगळेच ठेवतात. न आलेल्यांची आणि त्यांच्या कारणांची ठेवली, तर मेळाव्याला काही कळण्याची शक्यता असते.

आम्ही ज्या मेळाव्याला हजर होतो तेथे पहिल्या दोन रांगा राखीव होत्या. व्यासपीठावरची भाषणे बहुतेक इंग्रजीत झाली, अधूनमधून मराठीची फोडणी. उच्च व सर्वोच्च न्यायालयाची भाषा संविधानाच्या ३४८ व्या कलमाने इंग्रजी ठरलेली आहे. ज्यांचे आयुष्य तेथे गेले त्यांच्या जिभेवर ती बसली तर नवल नाही. परंतु महाराष्ट्रातील तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे, आणि ती भाषा रोज घडविणारे लोक त्या सभागृहात मागे बसले होते. दावा, कैफियत, दरखास्त, हुकूमनामा, मनाईहुकूम, बक्षीसपत्र, ‘सबब’ आणि ‘कामी’. अरबी-फारसीचा वारसा सांगणारी, पेशवाईच्या दप्तरातून इंग्रजी अमदानीत आणि तेथून आजच्या संगणकापर्यंत आलेली ही गद्यशैली आहे. बखरीच्या गद्यावर आमच्याकडे प्रबंध होतात. पोटगीच्या अर्जाच्या गद्यावर एकही झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही. जुन्या दंड प्रक्रिया संहितेचे १२५ वे कलम १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ वे झाले, तेव्हा राज्यभरच्या वकिलांनी आपापल्या अर्जांचे मसुदे दुरुस्त केले असतील. निरक्षर बाईचे बोलणे कायद्याला समजेल अशा मराठीत आणणे आणि तरीही ते तिचेच राहू देणे, हे लेखनकर्म आहे. अनुवादाच्या तासाला आम्ही जे शिकवितो त्याहून ते अवघड आहे.

आमची मागणी फार मोठी नाही. स्मरणिकेच्या तक्त्यात पदांचा रकाना निम्म्याने अरुंद करावा आणि त्याच्या शेजारी एक नवा घालावा: ‘लक्षात राहिलेले एक प्रकरण, जिंकलेले किंवा हरलेले’. अशिलाचे नाव अर्थातच नको. दहा वर्षांच्या स्मरणिका अशा निघाल्या तर एका जिल्ह्याचा सामाजिक इतिहास हाती येईल, आणि तो मराठीत असेल. मुद्रितशोधन आम्ही करूच.

मुद्रितशोधनावरून आठवले. आडवी रेघ ओढणारे ते वकील मेळाव्याला आले नव्हते. स्मरणिकेची प्रत त्यांना टपालाने गेली. महिन्याभराने मराठी विभागाच्या नावे त्यांचे पत्र आले. आपल्या वगळलेल्या मजकुराविषयी त्यात अवाक्षर नव्हते. एका निवृत्त न्यायाधीशांच्या लेखात ‘पुरसीस’ हा शब्द होता. तो आम्हाला छापखान्याचा प्रमाद वाटला आणि आम्ही तो खोडून ‘पुरवणी’ केला होता. पत्रात त्यांनी समजावून लिहिले होते: पक्षकाराने किंवा त्याच्या वकिलाने एखादी गोष्ट न्यायालयाला लेखी कळवायची तर जो छोटा कागद दाखल करतात, त्याला पुरसीस म्हणतात, पुरवणी वेगळी. पुढील आवृत्तीत दुरुस्ती व्हावी, ही विनंती.