सशांच्या साथीकडे दुर्लक्ष नको

1984 साली चीनच्या जिआंगसू प्रांतात जर्मनीहून आणलेले अंगोरा ससे पटापट मरू लागले. संध्याकाळी चारा खाणारा ससा सकाळी पिंजऱ्यात मेलेला सापडे. कधी नाकाशी रक्त, कधी तेही नाही. वर्षभरात चीनमध्ये सुमारे 14 कोटी ससे दगावले.

ही साथ सशांच्या रक्तस्रावी रोगाची होती. हा रोग यकृतावर घाला घालतो. लस लवकर निघाली, पण त्याचा विषाणू नेहमीच्या पेशीसंवर्धनात वाढत नसल्याने ती बाधित सशांच्या यकृतापासूनच करावी लागे. लशीसाठीही ससेच मारायचे! आता कीटकांच्या पेशींत विषाणूचे प्रथिन तयार करून त्यापासून लस बनवता येते आणि ही हत्या टाळता येते. हे फार मोलाचे काम आहे.

2010 मध्ये फ्रान्समध्ये विषाणूचा नवा प्रकार आढळला. जुना प्रकार लहान पिल्लांना सहसा सोडून देई. हा त्यांनाही सोडत नाही. जुन्या लशी त्याच्यापुढे तोकड्या पडल्या. स्पेनमध्ये रानससे घटले, तशी त्यांच्यावर जगणाऱ्या आयबेरियन लिंक्स या रानमांजराची वीणही घटली.

माणसाला होत नाही म्हणून हा रोग दुय्यम मानणे घातक आहे. आयात जनावरांचे विलगीकरण, मेलेल्या सशांची तपासणी आणि विषाणूवर सतत नजर यांसाठी सरकारांनी साथ येण्याआधीच पैसा द्यायला हवा.