पाव फेऱ्याचा हट्ट

रायफलीची उडालेली काडतुसं घरी पुन्हा भरणाऱ्या एका गृहस्थांचं मत नुकतंच आमच्या लोहाऱ्यात ऐकावं लागलं. ते परदेशात राहतात, तिथे हा छंद कायद्यात बसतो. मत असं: रिसायझिंग डाय (पुंगळी पुन्हा मापात आणणारा साचा) शेलहोल्डरला, म्हणजे पुंगळीचं बूड धरणाऱ्या खोबणीला, टेकेपर्यंत फिरवा, वर पाव फेरा द्या, लॉकरिंग आवळा, झालं. मोजमाप हे कारखान्यातल्या लोकांचं थोतांड. मुलूख-ए-मैदान तोफ आपल्या परंड्याच्या किल्ल्यावर होती, तेव्हा थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, कोण मोजत होतं?

तोफेचं आधी उरकतो. त्या तोफेत काडतुसाची पितळी पुंगळी नव्हती. .३०८ विंचेस्टरमध्ये दाब चौरस इंचाला ६२,००० पौंडांपर्यंत जातो, आणि तो मागे फुटू न देण्याची जबाबदारी पुंगळीची असते.

आता पाव फेरा. डायला इंचाला १४ आटे असतात. म्हणजे एका फेऱ्यात डाय १.८१ मिलिमीटर खाली येते, पाव फेऱ्यात ०.४५. बोल्टच्या रायफलीसाठी पुंगळीचा खांदा, म्हणजे ती मानेकडे निमुळती होते तो भाग, मागे किती सरकवावा लागतो? एक-दोन थाऊ, फार तर ०.०५ मिलिमीटर. डाय जेमतेम दहा अंश फिरवली की एवढं अंतर होतं. हे गृहस्थ नऊपट फिरवायला सांगतात! यावर उत्तर तयार असतं: जोर आला की प्रेस ताणली जाते, पाव फेरा त्यातच जिरतो. जिरतो, कबूल. पण किती? जाड ओतीव प्रेस कमी ताणली जाते, हलकी जास्त. नवं पितळ मऊ असतं, चार-पाच वेळा उडालेलं कडक होतं आणि दाबलं तरी परत उसळतं. वंगण कमी पडलं तर हिशेब पुन्हा बदलतो. शिवाय डाय आधी पुंगळीचं पोट आवळते, त्यामुळे खांदा मागे जाण्याआधी थोडा पुढेच सरकतो. अर्धवट दाबलेली पुंगळी आधीपेक्षा लांब निघते आणि बोल्ट अडतो. मग माणूस चिडून आणखी फेरा देतो. चेंबरही सगळी सारखी नसतात. .३०८ चं गो गेज (यावर बोल्ट बंद व्हायलाच हवा) १.६३० इंचाचं, नो-गो (यावर बंद होता कामा नये) १.६३४ चं. जवळजवळ चार थाऊंचा फरक असलेल्या दोन्ही रायफली निर्दोष ठरतात. त्यांतली तुमची कुठली, हे डायच्या डब्यातल्या सूचनांच्या कागदाला कसं कळणार?

खांदा जास्त मागे गेला की बार उडताना पुंगळीची पुढची भिंत चेंबरला चिकटते आणि बूड मागे ढकललं जातं. बुडाच्या जरा वर पितळ आतून पातळ होऊन खाच पडते. असं काही वेळा झालं की तिथूनच तुकडा पडतो. “माझी एकही तुटली नाही” असं म्हणणाऱ्याने टोक वाकवलेली तार आत घालून ती खाच चाचपावी.

“पितळ ते पितळ, त्याला काय होतंय” हा वादही जुनाच. ब्रिटिश फौजेची काडतुसं भारतातल्या पावसाळ्यात घोड्यांच्या पागेजवळ ठेवली की आपोआप तडकत. पागेतला अमोनिया आणि घडणीत पितळात राहिलेला ताण मिळून हे घडतं, हे १९२१ साली नीट उलगडलं. उपाय होता पितळ तापवून तो ताण काढण्याचा. डोळ्यांना न दिसणारा ताण धातूत असतो, हे शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झालं, तरी आज छातीठोकपणे उलटं सांगितलं जातं. याचाच मला राग येतो.

मग करावं काय? आपल्याच रायफलीतून उडालेली पुंगळी घ्यावी. व्हर्निअरला कंपॅरेटर लावून बुडापासून खांद्यापर्यंतचं माप लिहून ठेवावं. डाय मुद्दाम उंच ठेवून सुरुवात करावी आणि थोडी थोडी खाली आणत प्रत्येक वेळी मोजावं. माप एक-दोन थाऊंनी उतरलं आणि बोल्ट अडखळत नाही असं दिसलं, की लॉकरिंग आवळावं. आपल्याकडच्या .३१५ सारखं कड असलेलं काडतूस कडेवर अडतं, म्हणून तिथे खांदा बोल्ट बंद होण्यापुरताच दाबावा. पितळाचा लॉट बदलला की पुन्हा मोजावं. आपल्या देशात मात्र शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो. तो नसेल तर यातलं काहीही घरी करू नये.