इसाराची चिठ्ठी
हिंगोली जिल्ह्यात लाल कंधारीचं देखणं गोऱ्हं दूध पीत असतानाच कुणीतरी हेरतं, मालकाच्या हातावर इसार ठेवतं आणि निर्धास्त घरी जातं. हा विश्वास मला फार मोलाचा वाटतो. पण इसाराचा पैसाही घामाचाच असतो, म्हणून चिठ्ठी हवीच. तिच्यात ठरलेली किंमत, दिलेली रक्कम, जनावर नेण्याची तारीख आणि कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी क्रमांक लिहावा. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला तशीही मनाई आहे, आणि दोन सारख्या लाल गोऱ्ह्यांत आपलं कोणतं, हा वाद त्या आकड्यानंच मिटतो. मधल्या काळात लम्पीसारख्या रोगानं ते दगावलं तर? कुणाचाच दोष नसेल आणि जोखीम अजून गिऱ्हाइकाकडं गेलेली नसेल, तर १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार सौदा तिथंच रद्द होतो, इसार परत मागता येतो. गिऱ्हाईकच फिरलं, तर मात्र तो सहसा बुडतो. गाभण गाईच्या पोटातल्या वासरावर इसार देणाऱ्यांनी तर आणखी जपावं: गोऱ्ह्याऐवजी कालवड झाली तर काय, हे गाय व्यायच्या आधीच लिहून घ्यावं.